रोजा, शाळा आणि दप्तरातला पंप

रमजान लागला की मुस्लिम घरांत लहान मुलांची एक मागणी ठरलेली असते. "अम्मी, उद्या मलाही सहेरीला उठव." सात-आठ वर्षांचे पोर मोठ्यांच्या बरोबरीने पहाटे उठते, डोळे चोळत दोन घास खाते आणि दिवसभर घड्याळाकडे बघत आपला पहिला रोजा पुरा करते. संध्याकाळी गळ्यात फुलांचा हार, अंगावर नवे कपडे, शेजारच्या काकूंनी आणलेला खाऊ. या वयात रोजा धर्माने सक्तीचा केलेला नाही. तरी घरातले सगळे ठेवतात म्हणून मुलालाही ठेवायचा असतो. या हट्टात निरागस गोडवा आहे.

पण त्याच गल्लीत एखादे मूल असेही असते, ज्याच्या दप्तरात पाण्याच्या बाटलीशेजारी दम्याचा पंप असतो. रोज्याच्या दिवशी ते मूल तो पंप हळूच काढून उशीखाली ठेवते. कोणीतरी त्याला सांगितलेले असते की पंप ओढला की रोजा तुटतो. मग शाळेत चौथ्या तासाला खोकल्याची उबळ येते. बाई म्हणतात, "पाणी पी." मूल मान हलवते. बाईंना वाटते साधा खोकला आहे. मुलाला वाटते संध्याकाळपर्यंत निभेल. छातीत मात्र शिट्टी वाजायला लागलेली असते.

अशी लपवाछपवी फक्त रोजा ठेवणाऱ्या मुलाचीच असते असे नाही. त्याच वर्गात दुसऱ्या बाकावरची मुलगी पंप कंपासपेटीखाली दडवते, कारण घरून ताकीद असते, "कुणाला सांगू नकोस, उद्या लग्नाला अडचण येईल." तिसऱ्या बाकावरचा मुलगा गप्प बसतो, कारण दमा आहे हे कळले तर कबड्डीच्या संघातून नाव कटेल. कारणे वेगळी आहेत, धर्म वेगळे आहेत, पण श्वास अडकतो तो एकाच तऱ्हेने.

शाळेत मूल दिवसाचे पाच-सहा तास असते. तेवढा वेळ त्याच्या श्वासाची काळजी कोणाची, हा प्रश्न प्रत्येक पालकाने आणि प्रत्येक शाळेने विचारायला हवा.

पंपाची भीती

दमा हा संसर्गाचा रोग नाही. शेजारी बसल्याने, डबा वाटून खाल्ल्याने तो लागत नाही. दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते. धूळ, धूर, थंड हवा, सर्दी, जोराचे धावणे असे काही निमित्त झाले की नलिका आवळतात, आत चिकट कफ साठतो आणि हवा आत-बाहेर होताना घरघर होते. झटका ओसरला की मूल अगदी चांगले दिसते. म्हणूनच लोकांना वाटते की ते सोंग करत होते.

यावर आपल्या समाजात उपायांची कमी नाही. कोणी तावीज बांधतो, कोणी मृग नक्षत्रावर माशाच्या औषधासाठी हैदराबाद गाठतो, कोणी कोजागरीच्या रात्री औषधी खीर खातो. श्रद्धा ज्याची त्याला. पण या सगळ्यांना चालणारे घर पंपाला मात्र घाबरते. "पंप लागला की सुटत नाही," "पंप म्हणजे शेवटचा उपाय," ही वाक्ये मोहल्ल्यातही ऐकू येतात आणि वाड्यातही.

खरे तर हिशेब उलटा आहे. साल्ब्युटामॉल या औषधाच्या पाच मिलिलिटर सिरपमध्ये साधारण २ मिलिग्राम औषध असते. तेच औषध पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्राम, म्हणजे सिरपच्या विसाव्या भागाइतके असते. सिरप पोटातून रक्तात, रक्तातून अंगभर फिरून छातीपर्यंत पोहोचते. पंपाचे औषध थेट जिथे हवे तिथे जाते आणि काही मिनिटांत काम करते. म्हणजे जास्त औषध सिरपातून जाते आणि भीती मात्र पंपाची वाटते.

पंप दोन प्रकारचे असतात, हेही अनेक घरांत माहीत नसते. एक तातडीचा. तो नलिका सैल करतो, झटक्याच्या वेळी कामी येतो आणि बहुधा निळ्या रंगाचा असतो. दुसरा रोजचा. तो आतली सूज कमी ठेवतो आणि बरे वाटत असतानाही घ्यायचा असतो. बरे वाटले की लोक दुसरा बंद करतात आणि पहिल्यावर दिवस काढतात. नुसत्या तातडीच्या पंपावर विसंबू नये, असे दम्यावरील जागतिक मार्गदर्शक सूचनांनी २०१९ पासून स्पष्ट सांगितले आहे. ज्या मुलाला आठवड्यातून अनेकदा निळा पंप लागतो, त्याचा दमा आटोक्यात नाही. त्याला पुन्हा डॉक्टरकडे नेले पाहिजे.

हा साधा आजार नव्हे. जगातील दम्याच्या रुग्णांपैकी अंदाजे १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंत भारताचा वाटा ४० टक्क्यांच्या वर जातो, असे जागतिक रोगभाराच्या अभ्यासाचे अनुमान आहे. औषध देशात बनते, तातडीच्या पंपाला किलोभर मटणापेक्षा कमी पैसे पडतात, तरी माणसे जातात. कमतरता औषधाची कमी आणि माहितीची जास्त आहे.

कपाटाचे कुलूप

शाळेत काय घडते ते बघितले पाहिजे. काही शाळांत पालक पंप देऊन जातात. तो सुरक्षित राहावा म्हणून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवला जातो. कपाटाला कुलूप असते. किल्ली लिपिकाकडे असते. लिपिक नेमका त्या दिवशी पंचायत समितीत गेलेला असतो. मैदानावर मूल धापा टाकत असते आणि शिपाई किल्ली शोधत असतो. यात कोणाचाच हेतू वाईट नाही. मुख्याध्यापकांनी काळजीपोटीच कुलूप लावलेले असते. पण दम्याच्या झटक्यात मिनिटे मोजायची असतात. कुलपात ठेवलेला पंप त्या घडीला असून नसल्यासारखा आहे.

म्हणून पहिली गोष्ट स्पष्ट व्हावी. तातडीचा पंप मुलाच्या जवळ हवा. जे मूल स्वतः नीट घेऊ शकते त्याच्या दप्तरात, आणि खेळाच्या तासाला खिशात. लहान मुलाचा वर्गशिक्षकांच्या टेबलात, बिनकुलपाच्या खणात. सहलीला जाताना आणि परीक्षेच्या दालनातही तो बरोबर हवा. सध्या रमजान नेमका परीक्षांच्या हंगामात येतो. दप्तर वर्गाबाहेर ठेवायचे असते तेव्हा पंपही बाहेर राहतो. पर्यवेक्षकांनी हे एकदा लक्षात घेतले तरी पुरे.

अमेरिकेत सर्व ५० राज्यांच्या कायद्यांनी विद्यार्थ्याला आपला पंप जवळ बाळगण्याची मुभा दिली आहे. इंग्लंडने १ ऑक्टोबर २०१४ पासून आणखी पुढचे पाऊल टाकले. तिथल्या शाळांना एक तातडीचा पंप चिठ्ठीशिवाय विकत घेऊन ठेवता येतो. एखाद्या दमा असलेल्या मुलाचा पंप घरी राहिला, संपला किंवा बिघडला, तर पालकांच्या पूर्वसंमतीने तो वापरला जातो. आपल्याकडे हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे आहे. त्यामुळे शाळांनी आपापल्या मनाने निर्णय घेण्यापेक्षा शिक्षण आणि आरोग्य या दोन खात्यांनी मिळून एक सोपा, स्पष्ट आदेश काढणे हाच मार्ग आहे.

शिक्षकांची बाजूही रास्त आहे. खिचडीचा हिशेब, निवडणुकीचे काम, जनगणना, ऑनलाइन माहिती भरणे, या सगळ्यात आता दवाखानाही आम्हीच चालवायचा का, असे ते विचारतील. आणि सर्वांत मोठी भीती म्हणजे, "औषध दिले आणि काही झाले तर?" ही भीती हसण्यावारी नेऊ नये. पण दुसरा प्रश्नही तितकाच खरा आहे. औषध दिले नाही आणि काही झाले तर? साल्ब्युटामॉलचे चार फवारे एखाद्या वेळी गरज नसताना दिले गेले, तर हात थरथरतात, छाती थोडा वेळ धडधडते. गरज असताना दिले गेले नाहीत, तर मूल हातचे जाऊ शकते. या दोन चुकांचे वजन सारखे नाही. शिक्षकाने डॉक्टर व्हावे, असे कोणी म्हणत नाही. त्याच्या मागे लेखी संमती, डॉक्टरांचा कागद आणि खात्याचा आदेश उभा असावा, एवढेच म्हणणे आहे.

झटका आला तर

हा कागद साधा असतो. मुलाचे नाव, त्याला कशाने त्रास होतो, कोणता पंप किती घ्यायचा, पालकांचे दोन फोन नंबर आणि डॉक्टरांची सही. जूनमध्ये शाळा उघडताना पालकांनी तो द्यावा, शाळेने तो मागून घ्यावा.

झटका आलेल्या मुलाला आडवे झोपवू नये. सरळ बसवावे, थोडे पुढे झुकू द्यावे. भोवतीची गर्दी हटवावी. घाबरलेल्या मुलाचा श्वास आणखी तुटतो, म्हणून आवाज शांत ठेवावा. ऑस्ट्रेलियात शिकवली जाणारी 'चार-चार-चार' पद्धत लक्षात ठेवायला सोपी आहे. पंप हलवून एक फवारा द्यायचा, मुलाने चार श्वास घ्यायचे. असे चार फवारे. मग चार मिनिटे थांबायचे. फरक नसेल तर पुन्हा चार फवारे आणि लगेच १०८ ला फोन. डॉक्टरांनी त्या मुलासाठी वेगळे लिहून दिले असेल तर तेच पाळावे. मूल एक वाक्य सलग बोलू शकत नसेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा ते गळून गुंगीत जात असेल, तर थांबायचेच नाही. फवारे देत राहून रुग्णवाहिका बोलवायची. आणि एक धोक्याची खूण अनेकांना फसवते. घरघर अचानक बंद झाली, पण मूल सुधारलेले दिसत नाही. तो आराम नसतो. हवाच आत जाणे थांबत चाललेले असते.

लहान मुलाला फवारा आणि श्वास यांचा मेळ जमत नाही. त्यासाठी स्पेसर नावाचा नळा लावतात. तो नसेल तर? दक्षिण आफ्रिकेत केप टाऊनच्या डॉक्टरांनी ५०० मिलिलिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीचा नळा करून पाहिला आणि १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. बाटलीच्या तळाला पंपाच्या तोंडाएवढे भोक, कडेने घट्ट बंद केलेले, आणि बाटलीच्या तोंडातून मुलाचा श्वास. विकतच्या नळ्याइतकेच काम या बाटलीने केले. म्हणजे पैसे नाहीत, ही सबब गरिबातल्या गरीब शाळेलाही उरत नाही.

शाळेतल्या शाळेत बऱ्याच गोष्टी फुकट होऊ शकतात. मुले वर्गात असताना झाडू मारू नये, आणि मारायचाच तर पाणी शिंपडून मारावा. डस्टर खिडकीबाहेर झाडावा, आणि ते काम दम्याच्या मुलाला देऊ नये. रंगरंगोटी सुट्टीत उरकावी. पावसाळ्यात ओल धरलेल्या, बुरशी चढलेल्या खोलीत वर्ग भरवू नये. खेळाच्या तासाला आधी हळूहळू अंग गरम करून मग धावायला लावावे. आणि दम्याच्या मुलाला कायमचे झाडाखाली बसवून ठेवू नये. इंग्लंडच्या पॉला रॅडक्लिफला किशोरवयापासून दमा आहे. २००३ साली लंडनमध्ये तिने २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांत मॅरेथॉन जिंकली, आणि महिलांचा तो जागतिक विक्रम २०१९ पर्यंत टिकला. औषध नीट असेल तर मूल धावू शकते. त्याला खेळू न देणे हा उपचार नाही. आणि 'दमेकरी' म्हणून चिडवणे हा विनोद नाही. शिक्षण हक्क कायद्याचे १७ वे कलम मुलाच्या मानसिक छळालाही मनाई करते.

रोजा आणि पंप

आता पुन्हा त्या उशीखालच्या पंपाकडे. पंप ओढल्याने रोजा मोडतो का, यावर उलेमांमध्ये दोन मते आहेत. भारतातील अनेक हनफी मुफ्ती मोडतो असे मानतात, कारण औषधाचे कण घशातून आत जातात. अरब देशांतील अनेक विद्वान म्हणतात, ते औषध फुप्फुसात जाते, अन्नपाण्याची जागा घेत नाही, म्हणून मोडत नाही. ज्याने त्याने आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारावे. पण जिथे मतभेद नाही ती गोष्ट मुलांना आधी सांगायला हवी. धाप लागली की पंप घ्यायचा, रोजा मोडत असला तरी घ्यायचा. कुरआनच्या सूरह बकरामध्ये जिथे रोज्याची आज्ञा आहे, तिथेच आजारी माणसाला आणि प्रवाशाला सवलत आहे. सुटलेले रोजे नंतर भरून काढता येतात. आणि वयात न आलेल्या मुलावर तर रोजा फर्जच नाही.

मागे बाळ रडताना ऐकू आले की त्याच्या आईचा जीव कासावीस होईल म्हणून प्रेषित मुहम्मद (स.) नमाज आटोपती घेत, असे हदीसमध्ये आले आहे. सामुदायिक नमाज जिथे एका बाळासाठी आखूड होते, तिथे मुलाच्या श्वासासाठी रोजा थांबला तर त्यात कमीपणा कसला? मोठ्या मुलांना रोजे ठेवायचेच असतील, तर रमजानपूर्वी डॉक्टरांना भेटावे. सूज कमी ठेवणारा रोजचा पंप अनेकदा दिवसातून दोन वेळा असतो. त्या वेळा सहेरी आणि इफ्तारला बसवता येतात. पण निळा पंप खिशात हवाच. ही गोष्ट जुमाच्या बयानात इमामसाहेबांनी दोन मिनिटांत सांगितली, तर डॉक्टरांच्या वर्षभराच्या सांगण्यापेक्षा ती खोल रुजेल.

धुराचेही तसेच. इफ्तारच्या वेळी घरात लोबान जळतो, देवघरात अगरबत्ती आणि धूप जळतो, होळीला गोवऱ्या पेटतात, दिवाळीत आणि वरातीत फटाके फुटतात. प्रत्येकाला दुसऱ्याचा धूर दिसतो. दम्याच्या मुलाची छाती मात्र धुराची जात विचारत नाही. लंडनमध्ये रहदारीच्या रस्त्यालगत राहणारी एला ही नऊ वर्षांची मुलगी फेब्रुवारी २०१३ मध्ये दम्याच्या झटक्याने गेली. तिच्या आईने वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. डिसेंबर २०२० मध्ये तिथल्या तपास अधिकाऱ्याने तिच्या मृत्यूच्या कारणांत हवेच्या प्रदूषणाची नोंद केली. आपल्या गावातल्या मुलांच्या दाखल्यावर असे कारण कोणी लिहीत नाही. म्हणून ते कारण नाही, असे होत नाही. शाळेभोवती १०० यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास २००३ च्या कायद्याने बंदी आहे. ती टपरी हटवण्यापासून आणि शाळेमागे कचरा जाळणे थांबवण्यापासून सुरुवात करता येते.

समितीच्या पुढच्या बैठकीत

यासाठी नवी यंत्रणा उभी करायला नको. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याची पथके शाळेत येऊन मुलांची तपासणी करतात, आणि त्यांच्या आजारांच्या यादीत दम्यासारखा श्वासनलिकांचा विकारही आहे. पथक येईल त्या दिवशी रात्री खोकणारी, धावताना दमणारी मुले शिक्षकांनी पुढे करावीत. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. तिच्या पुढच्या बैठकीत एक विषय एवढाच असावा, की आपल्या शाळेत दम्याची किती मुले आहेत आणि त्यांचे पंप कुठे आहेत? मे महिन्याच्या पहिल्या मंगळवारी जागतिक दमा दिन असतो. तेव्हा शाळांना सुट्टी असते. म्हणून हे काम जूनच्या पहिल्या आठवड्यात व्हावे.

रमजानमध्ये हात सैल होतात. जकात गरजू माणसाच्या हाती पडावी लागते. तिच्यातून एखाद्या हलाखीतल्या घराला मुलाचे वर्षभराचे औषध घेता येईल. सदक्याला तेवढी अट नाही. त्यातून शाळेसाठी स्पेसर आणि प्रथमोपचाराची पेटी घेता येईल. गणेश मंडळांच्या वर्गणीतूनही हे होऊ शकते, आणि काही मंडळे आरोग्य शिबिरे घेतातच. त्या पेटीवर देणाऱ्याचे नाव नसले तरी चालेल.

रोजेदाराला दिवसभर भूक आणि तहान कळते. पोटाला काही तास थांबता येते, ही रमजानची शिकवण. श्वासाला मात्र इफ्तारपर्यंत थांबता येत नाही. आज रात्री तरावीहहून परतल्यावर किंवा जेवण आटोपल्यावर, ज्या घरात दम्याचे मूल आहे तिथे आईवडिलांनी एकदा त्याचे दप्तर उघडून बघावे. पंप आहे का, त्यात औषध शिल्लक आहे का, तारीख उलटली नाही ना. आणि उद्या सकाळी मुलाला शाळेत सोडताना वर्गशिक्षकांना दोन शब्द सांगावेत. लाज वाटण्यासारखे त्यात काही नाही.